लाकडाच्या टोकापासून

“हाही लहान. ठेव जा परत.”

पारेहुइया आत्यानं तो पाऊआ शिंपला डावीकडे सारला. डावीकडे शिंपल्यांचा ढीग झाला होता, उजवीकडे एकच. तामाती ओल्या अंगानं कुडकुडत उभा होता. या खडकांची राखण कुळानं आत्याकडे दिली होती. तिच्या पट्टीखालून गेल्याशिवाय इथला शिंपला कुणाच्या घरी जात नसे.

“सरकारी माप साडेबारा सेंटिमीटर. मी पाण्यातच मोजलेत एकूण एक.”

“सिडनीत मोजायलाही शिकवतात वाटतं. बापाच्या मातीला यायचं तेवढं शिकवत नाहीत.”

तामातीनं ओठ आवळले. बाप जाऊन वर्ष झालं होतं; रिवाजाप्रमाणे उद्या त्याच्या थडग्यावरच्या दगडाला झाकलेलं वस्त्र सगळ्यांसमोर उतरवायचं होतं. मग सभाघरात जेवण. ताटात आपल्या खडकावरचा पाऊआ नसला, तर पाहुणे तोंडावर काही बोलणार नाहीत. पण घरी जाताना म्हणतील, मातीला आला नाही, नि दगडाला आला तो रिकाम्या हातानं. पलीकडच्या दोन्ही खाड्यांत त्यानं आधी बुड्या मारून पाहिल्या होत्या. तिथे नुसता खडक उरला होता.

“तिरकं बघतेस तू,” तो म्हणाला. “दे ती पट्टी इकडे.”

“हात लावू नकोस.”

त्यानं ओढूनच घेतली. जुनी, लाकडी, शाळेतली. त्यानं शिंपला सपाट ठेवला, पट्टी फुगवट्यावर न वाकवता सरळ धरली, आत्याच्याच पद्धतीनं टोकाला टोक लावलं. डोळा बरोबर वर आणला. बारा. पुन्हा बारा.

मग त्याचं लक्ष पट्टीच्या सुरुवातीकडे गेलं. शून्याची रेघ टोकावर नव्हतीच. टोक आणि रेघ यांच्यात अर्ध्या सेंटिमीटरची कोरी जागा होती.

तो कडवट हसला. “शून्य इथं आहे, आत्या. तू लाकडाच्या टोकापासून मोजतेस. किती वर्षं लुबाडतेयस लोकांना?”

आत्यानं पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली.

“तू रांगत होतास, तेव्हा तुझ्या बापानंच दाखवलं मला. मी म्हटलं, चुकलंच माझं, उद्यापासून शून्यापासून मोजते.”

“मग?”

“नको म्हणाला. तेवढा अर्धा सेंटिमीटर माझ्या पोरासाठी समुद्रात राहू दे.”