मुठीतला कपटा

"देवाचं नाव असलेला कपटा केरात जाऊ द्यायचा नाही. मातीत द्यायचा. ज्याचा त्याच्या मातीत."

पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचा दांडा आवळता आवळता तिचा नवरा हे सांगायचा. गावातल्या ज्यूंच्या, ख्रिस्त्यांच्या, मुसलमानांच्या जुन्या पोथ्या त्याच्याकडेच बांधणीला यायच्या. विरलेल्या पानांतून गळालेले तुकडे तीन थैल्यांत जायचे आणि थैल्या भरल्या, की तीन दफनभूमींत. जग सोडून जाताना त्याने तिच्याकडून तसं वचन घेतलं होतं. पण त्या तिन्हींपैकी एका जागी आता तोच होता, म्हणून भरलेल्या थैल्या दुकानातच पडून राहिल्या.

आज दुकान रिकामं करायचं होतं. ती आत आली, तर दिराने तिन्ही थैल्या एकाच पोत्यात उलट्या केलेल्या.

"अहो भावोजी, हे काय केलंत?"

"देव एकच, असं दादाच म्हणायचा ना वहिनी? मग म्हटलं, पोतंही एकच."

तो हसला. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. हल्ली दोन्ही जमत नव्हतं. तिने पोतं फरशीवर ओतलं आणि धान्य निवडावं तशी निवडायला बसली.

सगळ्या लिप्या तिला वाचता येत नव्हत्या, पण डोळ्यांच्या ओळखीच्या होत्या. हात आपोआप चालत होते. खळीच्या वासात त्याचं बोलणं अजून होतं. "पहिल्यांनी नाव इतकं जपलं, की ओठांवरही आणलं नाही. दुसरे म्हणाले, तो माणूस होऊन आला, आपल्यासारखा रडला, मेला. तिसरे म्हणाले, छे, त्याला जन्म नाही, मरण नाही, त्याच्यासारखा दुसरा नाही. दोरा तोच गं. गाठ मात्र ज्याने त्याने आपल्या जागी मारली."

दीर ओशाळून शेजारी बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "वहिनी, एकदा दादाकडे जाऊन या. माती दिल्यापासून तुम्ही तिकडे फिरकला नाहीत."

"हं."

"आई रोज विचारते."

"हं."

शेवटी एक कपटा उरला. आपल्याच भाषेतला, मुलांसाठी छापलेल्या एखाद्या पुस्तकातला असावा. तिघांचीही मुलं हीच भाषा वाचायची. मागचंपुढचं सगळं फाटून गेलेलं. उरला होता एवढाच शब्द: देव.

"आता हा कुणाचा?" दिराने मान वाकडी करून पाहिलं. "चिठ्ठ्या टाकूया का?"

तिने कपटा उचलून घेतला. तिन्ही थैल्यांची तोंडं बांधली, खांद्याला अडकवली. कोपऱ्यातलं खुरपं उचललं. चपला पायात सरकवल्या.

"वहिनी, पण त्या कपट्याचं काय?"

"ह्यांना विचारते," ती म्हणाली आणि मूठ मिटून पायरी उतरली.