सीझरच्या वर्षाचा बर्फ

उपासनाने बर्फाचा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकला. तो लगेच तडतडू लागला.

डेन्व्हरच्या त्या प्रयोगशाळेतली ही जुनीच रीत. ग्रीनलंडहून आलेला बर्फ कापून झाला की कडेचे उरलेले तुकडे ग्लासात पडायचे. आत कोंडलेली जुनी हवा सुटताना आवाज व्हायचा, आणि सगळे कान लावून ऐकायचे. तिचा सहकारी, पुण्याचा गिरीश जाता जाता म्हणाला, "काका, नुसतं पाणी? आम्ही यात व्हिस्की ओततो." राजाराम हसले नाहीत. नागपूरच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवलेले तिचे वडील ग्लासावर वाकले होते.

हा थर ज्या वर्षीचा, त्याच वर्षी रोममध्ये सीझरचा खून झाला, एवढं तिने सांगितलं. पुढचं त्यांनीच सांगितलं. उन्हाळ्यात धूमकेतू दिसला, सूर्य वर्षभर फिकट राहिला, फळं नीट पिकलीच नाहीत, आणि लोक म्हणाले, आभाळानं शोक धरलाय. ती म्हणाली, कुठला तरी ज्वालामुखी फुटला असणार. त्याचं आम्ल या बर्फात सापडतं. त्यांनी मान हलवली. नेहमीसारखीच, वाद न घालता.

उद्या ते परत जाणार होते. इतके दिवस तिच्याकडे राहिले, पण आईचा विषय दोघांनीही काढला नव्हता. मागच्या हिवाळ्यात आई गेली तेव्हा उपासना व्हिसाच्या कागदांत अडकली होती. घरी पोचली ती अंत्यसंस्कारानंतर, थेट पुण्यानुमोदनाच्या दिवशी. तोवर आईच्या फोटोला हार चढला होता. वडिलांनी एका शब्दानंही विचारलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला अजून वाटायचं.

"म्हणजे ही हवा त्याच वर्षाची," राजाराम म्हणाले. "त्या लोकांच्या श्वासातली."

हो म्हणणं सोपं होतं. तिला ते जमलं नाही.

"नाही, बाबा. बर्फ त्या वर्षाचा. हवा नंतरची. वर पडलेला बर्फ दाबून घट्ट होईपर्यंत हवा आत-बाहेर करत राहते. शेवटी जी आत राहते ती फार उशिरा पोचलेली असते. तोवर ती सगळी माणसं..."

ग्लासात एक बुडबुडा फुटला.

"पण पोचते ना," ते म्हणाले.

त्यांनी ग्लास उचलला आणि तिच्या कानाशी धरला.