शाई

सरकारने जमिनी घेतल्या आणि नोकऱ्या दिल्या नाहीत, म्हणून ऐंशीच्या विधानसभेला आमच्या गावाने मतदानावर बहिष्कार टाकला. मासेमारीच्या निमित्ताने कुणी मत द्यायला सटकू नये, म्हणून गोवर्धन पाटलाने त्या दिवशी खाडीत उतरायलाही बंदी घातली.

दुसऱ्या दिवशी देवळात त्याने एकेकाचं बोट तपासलं. दादूच्या बोटावर शाई निघाली.

"टाका याला वाळीत! मेला तरी खांदा देयाचा नाय कुनी!" पाटील गरजला.

दादूची बायको बायजा पुढे आली. "पाटील, तुमच्या बोटाला चिंधी कसली?"

"खाडीत चिंबोरी चावली काल."

"काल तर तुमी कुनालाच खाडीत उतरू दिला नाय. सोडा ती चिंधी!"