डोळे आणि बर्फ

अनुसाक्काच्या डोळ्यांत औषध घालायची वेळ टळत चालली होती, आणि एस्तेर सिस्टर कॉटशेजारी उभी राहून, स्वतःच्याच गळ्यावर दोन बोटं टेकवून "आईस, आईस" पुटपुटत होती. परदेशात नर्स व्हायचं तर इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यावी लागते. तीत ती दोनदा नापास झाली होती. तिसरी खेप उद्या होती.

"घसा धरला व्हय गं पोरी?" अनुसाक्कानं पट्टीआडून विचारलं.

"नाही ओ आज्जी. इंग्रजीत डोळे म्हणायला जाते आणि तोंडातून बर्फ बाहेर पडतो. शब्द सारखेच, पण डोळ्यांच्या शेवटी गळ्यात भुंगा गुणगुणायला हवा. ते गोऱ्यांनाच जमतं. माझं नशीबच मुकं!"

"नशिबाचं ऱ्हाऊ दे. डोळं बांधल्यापासनं मी कानानंच बघती. आत्ता 'माझं' म्हणालीस, तवा गुणगुणला की तुझा भुंगा. म्हण परत."

"माझं."

बोटांखाली गळा थरथरला. एस्तेर चपापली. "माझं, माझं" म्हणत तिनं तो झ अलगद उचलला आणि इंग्रजी डोळ्यांच्या शेपटाला चिकटवला.

"आईझ!"

बर्फाचा मागमूस नव्हता. जन्मभर घरात वापरलेला आवाज ती गोऱ्यांकडे शोधत बसली होती. तिला हसू आवरेना.

"जमलं न्हवं?" अनुसाक्का म्हणाली. "मग सोड ही पट्टी, आणि घाल ते औषध माझ्या आईझात."