कुलूप लावायला दार

सकाळी नऊ वाजता काकासाहेब शहागंजच्या मागच्या गल्लीत कुलूप घेऊन आले. कुलूप लावायला दार नव्हतं.

दार त्यांनीच नेलं होतं. दसऱ्याच्या आधी गडी पाठवून बिजागऱ्यांसकट काढलं आणि आपल्या वखारीत ठेवलं. कारण दुरुस्ती. भाडेकरू वच्छलाबाईला खोलीतून काढायला कोर्टानं मनाई केली होती. काकासाहेबांनी तो हुकूम नीट वाचून घेतला. बाईला काढू नका, असं त्यात होतं. दाराचं नाव कुठं नव्हतं. ही हुशारी त्यांनी देवळाच्या कट्ट्यावर चारचौघांना ऐकवली. चारचौघं हसले. त्यांतले तिघं त्यांच्याच खोल्यांत राहत होते.

वच्छलाबाई विधवा; लोकांचे कपडे शिवून जगणारी. दार गेल्यावर तिनं चौकटीला जुनी सतरंजी टांगली आणि शिलाई मशीन उंबऱ्याशी आडवी लावून तिच्यामागं झोपू लागली. एकदा कुत्रं शिरलं आणि गिऱ्हाइकाचं कापड ओढत घेऊन गेलं. तिनं दारासाठी अर्ज केला. तारीख पडली. पुढच्या तारखेला मुन्सफ रजेवर होते. स्वतः नवं दार बसवावं, तर मालकाला न विचारता चौकटीला खिळा ठोकलास की तूच अडकशील, असं तिला वकिलानं सांगितलं. मालकानं बसवलं तर गोष्ट वेगळी. दरम्यान थंडी आली.

काकासाहेबांच्या वकिलाचा सल्ला महाग होता. खोली तिनं आपणहून सोडली, असं दिसलं पाहिजे. खोली रिकामी, मालकाचं कुलूप, साक्षीला दोन पंच. फक्त आत पाऊल टाकू नका, नाहीतर सामान हलवलं म्हणेल. सल्ला बिनचूक होता. बाई तेवढी हलत नव्हती.

ती आज हलली. टांग्यात पेटी चढवताना शेजारच्या कमरुन्निसाला तिनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "लेकीचे दिवस भरलेत. करमाडला चालले. आता कधी येणं होईल, सांगता येत नाय."

"जाव बाई, जाव," पडद्याआडून कमरुन्निसा म्हणाली. "घर कू मैं देखती."

टांगा वळला. काकासाहेबांना खबर पोचली. पंच म्हणून त्यांनी गल्लीतलेच दोघं धरले. त्यातला एक किराणा दुकानदार बद्रीनाथ.

"कुलूप कशाला घालायचं, काकासाहेब?" बद्रीनाथनं गंभीरपणे विचारलं. "सतरंजीला?"

गल्लीत कोणीतरी खोकलं. काकासाहेबांनी वखारीतून दार मागवलं आणि सांडू सुताराला बोलावणं धाडलं.

हातगाड्यावरून दार आलं. दुरुस्तीला नेलेल्या त्या दारावर इतके दिवस मिरच्यांची पोती रचलेली होती. एक फळी तडकली होती. करमाड काही लांब नाही, म्हणून काकासाहेब घाई करत होते. सांडू मात्र आपल्या चालीनं काम करत राहिला. त्यानं फळी बदलली, बिजागऱ्यांना तेल दिलं, खाली घासत होतं तिथं रंधा मारला. सतरंजी न काढता आत सारली आणि दार चौकटीत उभं केलं. ते पूर्वी कधी बसलं नव्हतं इतकं चांगलं बसलं.

काकासाहेबांनी उंबऱ्याबाहेरूनच हाक मारली. ओ आली नाही. पंचांनी ती न आल्याचं ऐकलं. कायदा पाळणारे गृहस्थ म्हणून काकासाहेबांनी आत डोकावलंही नाही. त्यांनी दार ओढून घेतलं आणि कुलूप उघडलं.

"थांबा, मालक," सांडू म्हणाला. "आतून कडी बसती का, ते बघाय लागंल. कडी बघितल्याबिगर आम्ही दार हाती देत नाय."

"कडीला काय चाटायचंय? आत कोण बसलंय?"

आत कडी सरकली.

"बसती, सांडूभाऊ," आतून वच्छलाबाई म्हणाली. "लई झ्याक बसती."

टांगा शहागंजच्या घड्याळापर्यंतच गेला होता. तिच्या खोलीचं मागचं दार कमरुन्निसाच्या अंगणात उघडतं. ते अंगण पडद्याचं. काकासाहेबांचा पाय तिथं कधी पडला नव्हता, म्हणून ते दार त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

"मग पंचनाम्यात काय लिहायचं?" बद्रीनाथनं विचारलं. "मालकानं सोताच्या हातानं दार बसवून दिलं, असंच ना? आम्ही दोघं हाव साक्षीला."

काकासाहेबांनी सांडूला दार पुन्हा काढायला फर्मावलं.

"बिजागऱ्या आतल्या अंगाला हायत," सांडू हत्यारं पिशवीत भरत म्हणाला. "बाईनं उघडलं तर काढतो."

"लेक तिकडं बाळंत व्हायलीय," काकासाहेब दारावर थापा मारत ओरडले, "आन् ही बया इथं कडी लावून बसली!"

"कोणची लेक?" बद्रीनाथ म्हणाला.

वच्छलाबाईला मूलबाळ नाही. ती इथं राहायला आली तेव्हापासून हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कट्ट्यावर हसणाऱ्यांना, दोन्ही पंचांना, सांडूलासुद्धा. दर महिन्याला उंबऱ्याशी येऊन उभ्या राहणाऱ्या माणसानं तेवढं कधी विचारलं नव्हतं.

काकासाहेबांनी वकिलाकडे माणूस पाठवला आहे. दुपारी बारापर्यंत तो परतलेला नव्हता. उघडं कुलूप काकासाहेबांच्या हातात होतं, आणि बंद दाराआड मशीन चालू होती.