आपल्या लेकीपुरता हक्क

"बसा तर खरं," हेडमास्तर नारायणराव म्हणाले.

"बसायला आलो न्हाय मी," कुंडलिक म्हणाला. "त्या सारजाला आमच्या प्रभाच्या शेजारनं उठवा. आजच्या आज."

म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेत हे चाललं होतं. कुंडलिक मूळचा वैरागचा, आता सोलापुरात गिरणीत मुकादम. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळं गडी साधं बोलला तरी अख्ख्या शाळेला ऐकू जायचं. नारायणरावांनी उठून दार लोटून घेतलं.

"सारजा महारवाड्यातली आहे, म्हणून ना?"

"आन् मग कशाला?"

"सरकारी हुकूम आहे. तिला वेगळं बसवता येत नाही."

"हुकूम तुमाला. मी बाप हाय. बापाला शाळंत काय हक्क हाय का न्हाय?"

"आहे की. आपल्या लेकीपुरता आहे. दुसऱ्याच्या लेकीवर नाही."

"मग तेवढाच सांगतो. माझी लेक तिच्यासंगं एका बस्करावर बसणार न्हाय. न्हाय म्हंजे न्हाय!"

नारायणरावांनी समोरचा हजेरीपट मिटला.

"प्रभाला विचारलंत?"

"पोरीला काय इचारायचं?"

"ठीक आहे. दोघी एका बस्करावर बसणार नाहीत. उद्यापासून एकीला पडवीत बसवतो. मन बदललं तर केव्हाही या."

"मन काय बदलतंय!" म्हणत कुंडलिक बाहेर पडला. जाताना त्यानं फेटासुद्धा नीट केला.

आता खरं सांगायचं तर सारजानं त्याचं काही घोडं मारलं नव्हतं. तिचं तोंडही त्यानं धड पाहिलं नव्हतं. बोच निराळीच होती. माढ्याच्या आबासाहेबांच्या लेकाला, एकनाथाला, आपली प्रभा द्यायची, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आणि मोडनिंबच्या बाजारात, भर चारचौघांत, आबासाहेब म्हणाले होते, "सोलापुरात म्हणं सगळ्या पोरी एकाच बस्करावर बसत्यात. मग तसल्या पोरीच्या हातचं पाणी आमच्यात कोन पिनार, कुंडलिकराव?"

लोक फिदीफिदी हसले होते. कुंडलिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी खाली गेलेली मान घरी येईपर्यंत वर झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवताना प्रभा म्हणाली, "आप्पा, आज शाळंत गुरुजींनी..."

"ठावं हाय मला," कुंडलिक खुशीत म्हणाला. "मीच तसं सांगितलंय. तुझ्या भल्यासाठीच की, बाय."

प्रभानं त्याच्याकडं नुसतं बघितलं. भाकरी तशीच टाकून ती उठली.

त्यानंतर तिनं घरात शाळेचं नाव काढलं नाही. एकदा तेवढा आईकडं पोत्याचा तुकडा मागितला, बसायला.

"बस्कर असतंय की शाळंत," रुक्मिणी म्हणाली.

"फाटलंय."

रुक्मिणी परकर धुताना करवादायची, "अगं बया, धुळीत लोळतीस का काय तू?" प्रभा आपली पाटी पुसत बसायची.

मध्ये एकदा पाळी बदलली तेव्हा कुंडलिक शाळेवरून चालला होता. पडवीत खांबाशी एक पोर पाठमोरी बसलेली त्याला लांबून दिसली. आत सगळ्या पाढे म्हणत होत्या, आणि तीही एकटीच बाहेरून म्हणत होती. त्याला कसंसंच झालं. लेकरूच ते. पण आबासाहेबांचं हसणं आठवलं आणि तो झपझप पुढं गेला.

खंडेनवमीला शाळेत पाटीपूजन होतं. कुंडलिकनं मुद्दाम माढ्याला निरोप धाडून आबासाहेबांना बोलावून घेतलं. "एकदा डोळ्यानं बघा," म्हणाला.

त्या सकाळी प्रभा शाळेत जायला तयार नव्हती. "आज नगं, आप्पा. लोकं येणार."

"येऊ देत की! तुलाच बघायला येणार," त्यानं दटावलं. रुक्मिणीनं तिच्या वेणीत अबोलीचा गजरा माळला.

वर्गात पोरी ओळीनं बसल्या होत्या. पुढ्यात पाट्या, पाट्यांवर सरस्वती काढलेली. पालक मागं भिंतीशी उभे. सगळ्यांच्या वेण्या तेल लावून चापूनचोपून घातलेल्या, सगळ्यांच्या डोक्यात गजरे. पाठमोऱ्या गर्दीत आपली कुठली, ते कुंडलिकला उमगेना.

"पुढं असंल. लई हुशार हाय," त्यानं आबासाहेबांना सांगितलं.

आबासाहेबांची नजर दारातून बाहेर गेली. पडवीत खांबाआड एक पोर गुडघ्यांत मान घालून बसली होती.

"ती व्हय?"

"तीच. मीच बसवाया लावली तितं."

आबासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! माणूस हायसा."

कुंडलिकची छाती फुगली. मोडनिंबच्या बाजारातली लाज एका थापेत धुऊन निघाली, असं त्याला वाटलं.

नारायणरावांनी पाहुणे म्हणून पेढ्यांचं ताट आबासाहेबांच्या हाती दिलं. देताना त्यांनी कुंडलिककडं बघणं टाळलं. आबासाहेब एकेकीच्या हातावर पेढा ठेवत गेले. पुढच्या ओळीतल्या एका चुणचुणीत पोरीनं वाकून नमस्कार केला, तसा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गुणाची गं बाई," म्हणाले. मग ताट घेऊन ते पडवीत आले. कुंडलिक कौतुकानं त्यांच्यामागं दारापर्यंत गेला.

आबासाहेब लांबच थांबले. खांबाआडून दोन हातांची ओंजळ खाली, जमिनीलगत पुढं आली. कुणी शिकवावं लागलं नाही. आबासाहेबांनी वरून पेढा टाकला. मग काय मनात आलं, दया वाटली असेल, आणखी एक टाकला.

"ह्यो तुझ्या बापाला. आलाय का गं त्यो?"

पोरीनं मान वर केली. वेणीतली अबोली अजून ताजी होती. तिनं दारात उभ्या असलेल्या कुंडलिककडं बघितलं. त्याचे ओठ हलले. आबासाहेब वळून बघतील म्हणून त्यानं मान खाली घातली.

"न्हाय जी," प्रभा म्हणाली. "आमचं आप्पा आलं न्हाईत."