जुनीच्या शेजारी नवी

दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिकाबाईंचा कॉम्प्युटर नवऱ्याच्या वेळचा होता. नवरा गेल्यापासून परदेशातल्या लेकीचं तोंड बघायला तेवढाच काय तो आधार, आणि तोही आताशा रडतखडत चालायचा.

दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली. "जुनी रॅम, म्हणजे याची मेमरी, चांगली आहे, काकू. तिच्या शेजारी नवी बसवतो. फक्त नवीला जुनीच्या वेगानं चालावं लागेल."

"चालू दे की. आम्ही संसारात तेच केलं," बाई हसल्या.

तो गेल्यावर भर दुपारी त्यांनी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर तिचा चेहरा लख्ख उमटला.

"आई, भिंतीला पुन्हा निळा रंग दिलास?"

बाईंनी वळून पाहिलं. नवरा गेल्यावर दिलेला पांढरा रंग जसाच्या तसा होता.

"आणि तू कुठेयस? नुसती खुर्ची दिसतेय."

"अगं, खुर्चीतच बसलेय मी!"

"आवाज येतोय तुझा. स्वयंपाकघरात आहेस का?" लेकीने मान वाकडी करून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "हां, दिसलीस! अय्या, केस किती काळेभोर केलेस!"

बाईंचा हात आपल्या पांढऱ्या केसांकडे गेला. मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडून, चपला फरपटत जवळ येत होत्या. तो आवाज परका नव्हता. डावा पाय किंचित ओढत त्या स्वतः जन्मभर अशाच चालत आल्या होत्या.

"ये, बस ना," लेक म्हणाली.

कुणीतरी बाईंसकट खुर्ची अलगद मागे ओढली.